गोळीची वेळ, गोळीचा वार

सकाळी ८
सदाशिव पेठेतल्या आमच्या मेडिकलचं शटर वर जातं न जातं तोच एक काका हजर. कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा. लॅबमध्ये कॉर्टिसॉलसाठी रक्त देऊन आलेत. मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी हे संप्रेरक पहाटे वाढवत नेतात. सकाळी ते सर्वांत जास्त असतं, म्हणून तपासणी याच वेळी. आमवातासाठी काका बरेच महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतायत, डॉक्टर आता डोस उतरवतायत. ग्रंथी पुन्हा कामाला लागल्या का, ते या रक्तातून कळेल. आजची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची होती. दोन बिस्किटं खाऊन ती ते काउंटरपाशीच घेतात.

१०
गर्दी. त्यात रोजचा प्रश्न: "ताई, आता सांधे दुखत नाहीत, स्टेरॉइड बंद करू?" स्वतःहून अजिबात नाही. स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिलं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपलं काम आवरतं घेतात. गोळी एकदम तोडली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, जिवावर बेततं.

१२.३०
एका आजींची आमवाताची चिठ्ठी: मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक अ‍ॅसिड. इथे मी घाई करत नाही, मागे कितीही रांग असो. दोन्ही गोळ्या लहान, बहुतेकदा दोन्ही पिवळ्या. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी. चुकून रोज घेतली गेली तर तोंड फोडांनी भरतं, रक्तपेशी घटतात, माणूस दगावू शकतो. चिठ्ठीत वार नव्हता. डॉक्टरांना फोन लावला, रविवार ठरला. पाकिटावर मार्करने मोठ्ठं ‘फक्त रविवार’ लिहिलं, आजींकडून म्हणवून घेतलं, सोबतच्या सुनेकडूनही. चिठ्ठीवर वार छापलेलाच असावा, असं माझं ठाम मत आहे.

४.३०
दुपारनंतर माल लावते. प्रेडनिसोलोन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासालाझिन, सगळी आमवाताची औषधं. १९४८मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत त्या चालू लागल्या. १९५०मध्ये त्याबद्दल नोबेलही मिळालं. दुष्परिणाम दिसायलाही वेळ लागला नाही. आपल्याकडे १९९६मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघरी सांधेदुखीची पाहणी सुरू केली. आमवात मोठ्या माणसांत दर दोनशेंमागे साधारण एकाला आढळला. म्हणजे खेडोपाडीही हे दुखणं आहे, आणि तिथे अजून बिननावाच्या पुड्या विकल्या जातात. पुडीने दोन दिवसांत आराम पडला तर आत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा. अशी पुडीसुद्धा एकदम सोडू नये. ती घेऊन डॉक्टरांकडे जावं.

६.३०
बाणेरला आयटीत काम करणारा एक मुलगा ‘अ‍ॅड्रिनल फटीग’साठी कॅप्सूल मागतो. सतत थकवा, झोप तुटलेली. ताणाने ग्रंथी दमतात असं त्याने वाचलंय. या नावाचा आजार वैद्यकशास्त्र मानत नाही. २०१६मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही आधार सापडला नाही. पण त्याचा थकवा खरा आहे, त्याला मी खोटं कसं पाडू? ग्रंथी खरोखर निकामी होतात तो अ‍ॅडिसनचा आजार. आपल्याकडे क्षयामुळेही होतो. त्यात वजन उतरतं, त्वचा काळवंडते, मीठ खावंसं वाटतं. त्याला यातलं काही नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ याबद्दल फिजिशियनना विचार, म्हटलं. कॅप्सूल विकली नाही. अशा काही गोळ्यांत न छापलेलं संप्रेरक सापडलेलं आहे.

८.४५
फोन. सकाळच्या काकांच्या मुलीचा. काकांना ताप चढलाय, दोनदा उलटी झाली, संध्याकाळचं काहीच पोटात ठरत नाही. "उद्या सकाळी दाखवलं तर चालेल ना?" नाही, आत्ताच न्या. तापात शरीराला स्टेरॉइड जास्त लागतं, आणि उलटीत गोळी उपयोगाची नाही. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागेल. ‘हे स्टेरॉइडवर आहेत’ हे दारातच सांगा, गोळ्यांची स्ट्रिप आणि फाइल सोबत घ्या. रिक्षा मिळेपर्यंत फोन चालू ठेवला.