तोतयाची वर्दी

सोलापुरात आधुनिक मागावर टॉवेल विणला जात असता धागा तुटतो आणि माग तत्क्षणी थांबतो, तो सेन्सरची वर्दी वाचणाऱ्या नखाएवढ्या मायक्रोकंट्रोलरमुळे. मात्र त्याचा प्रोग्राम तपासण्यासाठी शेकडो धागे तोडावे लागत नाहीत. कारण नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्रणेच्या पुठ्ठ्यांना भोके पाडण्यापूर्वी चादरीचा नक्षीकार जसा चौकटींच्या कागदावर प्रत्येक फूल पारखून घेतो, तद्वत् प्रोग्राम लिहिणारा टेबलावरील संगणकात सेन्सरच्या जागी एक तोतया बसवतो. हा तोतया ‘धागा तुटला’ अशी वर्दी देतो, आणि खऱ्याखोट्याचा भेद न जाणणारा प्रोग्राम थांबण्याचा हुकूम सोडतो की नाही, हे क्षणार्धात हजार वेळा पाहता येते. मग तोच मजकूर चिपच्या यंत्रभाषेत उतरवतात. तथापि खुद्द मागावरची अखेरची तपासणी मी अपरिहार्य मानतो: कित्येक लहान चिपांवर १६ बिटांत होणारी मोजदाद ६५,५३५ नंतर शून्यावर परतते, संगणकावर मात्र तीच अधिक बिटांत होत असल्यास बिनदिक्कत पुढे जाते.