बाळुती, फवारणीचे कपडे आणि वॉशिंग मशीन

छाटणीनंतर कोणती फवारणी घ्यावी, तेल्यावर काय मारावे, हे विचारता विचारता हल्ली शेतकरी हळूच आणखी एक प्रश्न विचारतात, ‘साहेब, वॉशिंग मशीन कोणतं घ्यावं?’ घरात सून बाळंत झालेली असते. बाळ-बाळंतीण माहेराहून यायची असते आणि दिवसाला पंधरा-वीस बाळुती धुणार कोण, हा विषय निघालेला असतो. शेतीचा डिप्लोमा केलेल्या माणसाला मशीनमधले काय कळणार, असे म्हणून मी बरेच दिवस हा प्रश्न टाळला. मग आमच्याच घरी बाळ आले.

मोहोळला आमचे दोन खोल्यांचे भाड्याचे घर. बारशाच्या आदल्या आठवड्यात शहरातल्या एका दुकानातून वरून कपडे टाकायचे फुल ऑटोमॅटिक मशीन आणले. दुकानदार म्हणाला, ‘बटण दाबा आणि विसरून जा.’ विसरायची सोय काही झाली नाही. पाण्याची टाकी न्हाणीच्या स्लॅबवर, मशीन खाली. उंचीचा फरक जेमतेम चार-पाच फूट. नळीतून पाण्याची धार करंगळीएवढी यायची, टब भरेपर्यंत मशीन कंटाळून शिटी वाजवायचे. त्यात मध्येच लाइट गेली की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे, म्हणजे साबणाचे पाणी सोडून द्यायचे आणि नवे मागायचे. आई म्हणाली, ‘हौदातलं निम्मं पाणी ह्यानंच प्यालं. बाळाला अंघोळीला काय घालू?’ चार महिन्यांत ते मशीन पाहुण्यांना निम्म्या किमतीत दिले. तेव्हा आता जे लिहितो आहे, ते पैसे घालून शिकलेले आहे.

आपल्या जिल्ह्यात मशीन घेताना आधी पाण्याचा हिशेब करावा, किमतीचा नंतर. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. उजनी ११७ टीएमसीचे असले तरी २०२४ च्या उन्हाळ्यात त्याचा साठा उणे पातळीत किती खोल गेला, हे आपण पाहिलेच आहे. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेले आहे. चार माणसांच्या घराला झाले २२० लिटर. वरून कपडे टाकायचे सहा-सात किलोचे फुल ऑटोमॅटिक मशीन एका धुण्याला शंभर लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी घेते. म्हणजे जवळजवळ निम्मे पाणी एका धुण्यातच गेले. समोरून दार असलेले मशीन पाण्याला काटकसरी, साधारण पन्नास-साठ लिटरमध्ये भागवते. पण ते महाग आणि त्याला पाण्याचा दाबही लागतो. अर्धा बार दाब मागणारे मशीन असेल तर टाकी नळापेक्षा पाच मीटर, म्हणजे सोळा-सतरा फूट उंच हवी. पत्र्याच्या घरावर पाचशे लिटरची टाकी ठेवून तेवढी उंची मिळत नाही. कमी दाबावर भरणारी मशीनही निघाली आहेत, पण दुकानात हे तोंडी विचारून भागत नाही. पुस्तिकेत किमान दाब किती लिहिला आहे तो पाहावा आणि घरी टेप लावून उंची मोजावी.

ज्या घरात पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येते, तिथे मी आता दोन टबांचे सेमी ऑटोमॅटिकच सांगतो. एका टबात धुणे, दुसऱ्यात पिळणे. त्याला नळाचा दाब लागत नाही, बादलीने पाणी ओतले तरी चालते. मुख्य म्हणजे साबणाचे पाणी आपल्या हातात राहते. त्याच पाण्यात आधी बाळाची झबली, टोपडी, दुपटी, मग घरचे कपडे आणि शेवटी रानातले मातकट कपडे, असे दोन-तीन घाणे निघतात. खळबळणे मात्र बादलीत, स्वच्छ पाण्याने करावे. माणसाला मशीनजवळ उभे राहावे लागते, हा त्याचा तोटा. मला तो फार मोठा वाटत नाही. फक्त उभे राहायचे काम घरातल्या एकाच बाईच्या गळ्यात पडू नये.

बाळाच्या कपड्यांना मशीन केवढे हवे, असे विचारतात. बाळाच्या कपड्यांना लहानही पुरते, पण घरात सोलापुरी चादरी आहेत. मशीनवर लिहिलेले किलो कोरड्या कपड्यांचे असतात आणि पिळायचा टब धुण्याच्या टबापेक्षा लहान असतो. भिजलेली जोड-चादर त्यात कोंबली की टब एका बाजूला कलतो आणि मशीन खोलीभर नाचते. सात किलोच्या आसपासचे घ्यावे आणि चादर एकावेळी एकच पिळावी.

विजेचेही पाहिले पाहिजे. गावठाणात बरे असते. वस्तीवर संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की बल्ब पिवळा पडतो. इलेक्ट्रॉनिक पाटी असलेले मशीन अशा व्होल्टेजला बंद पडते, कधी पाटी जळते आणि मिस्त्री यायला आठवडा लागतो. सेमीला साधा चावीचा टायमर आणि लहान मोटर असते. पण व्होल्टेज फारच उतरले तर तीही तापते, तेव्हा चालवू नये. समोरून दाराच्या मशीनमध्ये पाणी तापवायचा हीटर असतो, दोन हजार वॅटच्या आसपासचा. अर्धा तास चालला की एक युनिट जाते. मशीन कोणतेही असो, अर्थिंग नीट करून घ्यावे. न्हाणीत ओले पाय, ओले हात असतात. अर्थिंगची तार नुसती भिंतीतल्या खिळ्याला गुंडाळलेली घरे मी पाहिली आहेत.

जड पाणी

आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी जड असते, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार फार असतात. डाळ शिजत नाही, पातेल्याला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असे म्हटले आहे. अशा पाण्यात साबणाच्या वडीचा चिकट साका होतो, तो बाळुत्यात बसतो आणि वाळल्यावर कापड पापडासारखे कडक होते. तेच बाळाच्या मांड्यांना घासते. मग आपण म्हणतो, बाळाला अंगावर उठले. अशा पाण्यात वडीपेक्षा पावडर बरी. टाकावी मोजकीच, पण खळबळणे दोनदा करावे. कपडे मऊ करायचे सुगंधी द्रव बाळुत्यांना लावू नये, त्याने कापड पाणी शोषायचे कमी होते. शी लागलेले बाळुते आधी गार पाण्यात धुऊन मगच मशीनला घालावे. आरओच्या प्लँटचे वाया जाणारे पाणी धुण्याला आणणारी घरेही आहेत. त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात, हे लक्षात घ्यावे.

मशीनलाही क्षार धरतातच. ठिबकच्या नळ्यांना आपण आम्ल प्रक्रिया करतो, तसाच हा प्रकार. अधूनमधून रिकाम्या मशीनमध्ये सायट्रिक अॅसिड घालून फिरवावे. ठिबकचे अॅसिड मात्र यात ओतू नये, एका हौशी बागायतदाराने तेही करून पाहिले होते! पाणी आत घेणाऱ्या नळीची जाळी ठिबकच्या फिल्टरसारखी काढून धुवावी. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

फवारणीचे कपडे

ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते आता सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर एका द्राक्षबागेवर गेलो होतो. डावणीचे दिवस, एक-दोन दिवसाआड फवारणी चाललेली. ब्लोअरवर बसलेला मुलगा वरून खालपर्यंत ओला. चहाला घरी गेलो तर नवे कोरे मशीन पडवीत फिरत होते. झाकण उघडे होते. आत त्याच मुलाचा कालचा निळा शर्ट आणि त्याच्याभोवती तीन महिन्यांच्या बाळाची लंगोटे. बाळाच्या आजीने कौतुकाने सांगितले, ‘सगळं एकदाच टाकतो साहेब, लाइट वाचते.’ मला चहा गेला नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर हातमोजे, मास्क, चष्मा यांवर आपण पुष्कळ बोललो, कपडे कुठे धुवायचे यावर फारसे कोणी बोलले नाही. औषध कातडीतूनही अंगात जाते. बाळाची कातडी नाजूक, वजनाच्या मानाने अंग जास्त उघडे, आणि दुपट्याचे टोक ते तोंडात घालणारच. डब्यावरचा त्रिकोण लाल असो की हिरवा, तो कपडा बाळाच्या कपड्यांबरोबर एका टबात जाता कामा नये.

फवारणीचे कपडे घरात येण्याआधीच, शेडमध्ये किंवा गोठ्याच्या मागे काढावेत. त्यांना वेगळे घमेले किंवा जुना टब ठेवावा. त्याच दिवशी धुवावेत. साठवले की औषध कापडात मुरते. हातमोजे घालून आधी नुसत्या पाण्यात बुचकळून काढावेत आणि ते पाणी विहीर, ओढा, जनावरांची डोणी यांपासून लांब, शोषखड्ड्यात टाकावे. मग गरम पाणी आणि पावडर वापरून दोनदा धुवावेत, वेगळ्या दोरीवर उन्हात वाळवावेत. बाटलीतले मूळ औषध, पाण्यात न मिसळलेले, कपड्यावर सांडले असेल तर तो कपडा धुवायच्या भानगडीत पडू नये, टाकूनच द्यावा. कधी मशीनमध्येच घालायची वेळ आली तर ते एकटेच, भरपूर पाण्यात घालावेत आणि नंतर रिकामे मशीन गरम पाणी व पावडर घालून एकदा फिरवावे. सेमीचा टब प्लॅस्टिकचा असतो, त्याला पुस्तिकेत लिहिले आहे तेवढेच गरम पाणी सोसते.

आणि हे धुणे कोणी करायचे? ज्याने फवारले त्याने. अंगावर पाजणाऱ्या बाईने किंवा दिवस गेलेल्या बाईने ते कपडे हातात घेऊ नयेत. हे मी शेतीशाळेत सांगितले की पुरुषमंडळी खाली बघतात, बायका एकमेकींकडे बघून हसतात.

धुण्याचे पाणी जाते कुठे, हेही पाहावे. धुण्याच्या पावडरीत आणि सोड्यात सोडियम असते. आपल्या भारी काळ्या जमिनीत ते रोज एकाच जागी ओतले की जमीन चोपण होते, वर पांढरट थर येतो. साबणाचे पाणी शोषखड्ड्यात, खळबळल्याचे पाणी नारळ-केळीला. बाळुत्यांचे पाणी मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात नकोच. डायपर उकिरड्यात टाकणाऱ्यांनाही एक विनंती आहे. ते कुजत नाहीत, शेणखताबरोबर रानात येतात आणि कुळवाला अडकतात.

बाळाच्या घरात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. धुण्यासाठी भरून ठेवलेल्या बादल्या झाकाव्यात. रांगते मूल वीतभर पाण्यातही बुडते. दुसरे म्हणजे थोरल्याची झबली-दुपटी पेटीतून काढली की त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक दोष असतो, त्यांना त्या वासाने, त्या कपड्याने मोठी कावीळ होऊ शकते. ते दिसून येत नाही. तेव्हा बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या ठेवूच नयेत, कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा.

त्या द्राक्षवाल्यांकडे महिन्याभराने पुन्हा गेलो. मशीन पडवीतच होते. गोठ्यामागे नवी तार ओढली होती, तिच्यावर निळा शर्ट एकटाच वाळत होता. बाळाच्या आजीने लांबूनच हाक मारली, ‘साहेब, या आता चहाला.’