गोधडी, दान आणि नचिकेताची शंका

आजचा विषय बाहेरच्या फलकावर वाचून एक जुने विद्यार्थी मला जिन्यातच म्हणाले, "सर, तत्त्वज्ञान सोडून शिवणकाम कधीपासून?" त्यांना म्हटलं, आत येऊन बसा, सोडलेलं नाही. तीसएक वर्षं वर्गात 'तंतू आणि पट' हे उदाहरण मी शिकवलं. तंतूंपासून पट होतो, पट म्हणजे कापड. आणि या तीस वर्षांत मी स्वतः सुईत दोरा एकदाही ओवला नव्हता. तो ओवला वयाच्या सत्तरीनंतर, आणि तोही एका चुकीमुळे. त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

आम्ही कऱ्हाडला राहतो. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडच्या, नगरकडच्या, नाशिककडच्या. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला, की नवराबायकोची जोडी, म्हणजे त्यांच्या भाषेत एक 'कोयता', मुकादमाकडून उचल घेऊन निघते. लेकरं बरोबर. शेताच्या कडेला कोप्या पडतात. बांबूचा सांगाडा, वर ताडपत्री किंवा पाचट. तिथून पुढे चारपाच महिने तेच घर. म्हणजे आपल्याकडे फराळाचे डबे फिरत असतात, तेव्हा ही माणसं उघड्या रानात थंडीला तोंड द्यायची तयारी करत असतात.

आमच्या सोसायटीतल्या बायकांनी एका दिवाळीत ठरवलं, सुट्टीत कपाटं आवरायला निघतातच, तर जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवून कोप्यांवर द्यायच्या. माझी पत्नी त्याच वर्षी गेली होती. तिचं कपाट तसंच होतं. मला वाटलं, साड्यांचं सोनं होईल. गठ्ठा बांधून दिला. खरं सांगायचं तर कपाट रिकामं व्हावं, असंही वाटत होतं. दहा-बारा घरांतून असेच गठ्ठे आले, एका वहिनींच्या मशीनवर सगळं शिवून झालं, आणि भाऊबीजेनंतरच्या रविवारी आम्ही चौदा गोधड्या घेऊन कोप्यांवर गेलो.

तिथे एका बाईंनी गोधडी हातात घेतली. आधी उलटी केली. मग कड चिमटीत धरून चोळली. मग टाका ओढून पाहिला. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाबा, ही नको. चुलीपाशी न्हाई चालायची. लेकरं झोपत्यात, ठिणगी उडती."

आम्ही सगळे गप्प. आमच्यातल्या एकजण परतताना गाडीत म्हणाल्याही, की मेली एवढं देतोय तर वर नखरे. तो राग मलाही थोडा आला होता, लपवत नाही. पण बाईंचं म्हणणं शब्दशः खरं होतं. आमच्या गठ्ठ्यांत निम्म्याहून जास्त साड्या सिंथेटिक होत्या, पोटात टेरिकॉटच्या पँटी होत्या. कोपीत चूल असते, तीनचार हातांवर पोरं निजतात. सुती कापडही पेटतं, पण त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि तापलेल्या डांबरासारखं कातडीला चिकटतं. आम्ही ऊब द्यायला गेलो होतो आणि बरोबर हे घेऊन गेलो होतो.

आता इथे मला नचिकेता आठवला. कठोपनिषदाची गोष्ट आपल्याला यमापासून पुढची माहीत असते, वर आणि आत्मविद्या वगैरे. पण तिची सुरुवात दानातल्या खोटेपणापासून आहे. वाजश्रवस सर्वस्वाचं दान करायला निघतो, आणि देतो कुठल्या गायी? ज्यांचं पाणी पिऊन झालंय, गवत खाऊन झालंय, ज्या आता दूध देणार नाहीत, ज्यांची इंद्रियं थकली आहेत अशा. पोरगं ते बघतं आणि त्याच्या मनात श्रद्धा शिरते. उपनिषदाने शब्द 'श्रद्धा' हाच वापरलाय, हे लक्षात घ्या. बापाच्या दानाबद्दल शंका येणं, याला तिथे श्रद्धा म्हटलंय. मला वाटतं, त्या दिवशी कोपीसमोर नचिकेताचं काम त्या बाईंनी केलं.

धर्मशास्त्रात दानाची जी व्याख्या आहे, ती फार काटेकोर आहे. महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात यावर मोठं प्रकरण आहे, जिज्ञासूंनी जरूर बघावं. सार असं, की माझी मालकी संपली पाहिजे आणि दुसऱ्याची मालकी उत्पन्न झाली पाहिजे. पहिलं सोपं आहे. कचराकुंडीत टाकलं तरी माझी मालकी संपते. दुसरं मात्र माझ्या हातात नाही. घेणाऱ्याने स्वीकारलं तर ते होणार. म्हणजे घेणाऱ्याचा नकार हा दानात आलेला अडथळा नव्हे, दानाच्या रचनेतच त्याला जागा आहे. 'नको' म्हणता येत नसेल, तर 'हो'ला काय किंमत? आपण जुनं द्यायला जातो तेव्हा बहुधा पहिला अर्धाच भाग करतो आणि त्याला दान म्हणून मोकळे होतो.

मग जुनं देऊच नये का? हा प्रश्न मला रास्त वाटतो, आणि गोधडी इथेच मजेची होते. कारण गोधडी जुन्याचीच करायची असते. नव्या कापडाची गोधडी टोचते. खळ असते, पीळ ताजा असतो. दहा वर्षं धुतलेलं सुती लुगडं मऊ पडलेलं असतं, ते अंगाला लागतं तसं दुकानातलं काही लागत नाही. गीतेत जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेण्याचा दृष्टान्त आहे ना, तो वर्गात शिकवताना मला दर वेळी माझी आजी आठवायची. आमच्या घरात जीर्ण वस्त्र टाकलेलं मी कधी पाहिलंच नाही. लुगड्याचं दुपटं व्हायचं, दुपट्याचं पोतेरं, आणि पोतेरं विरेपर्यंत चालायचं. (हशा)

विनयपिटकातही जुन्याची ही प्रतिष्ठा दिसते. भिक्षूंना पांसुकूल, म्हणजे धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्यांचं वस्त्र विहित होतं. आणि बुद्धाने मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेतं आनंदाला दाखवून, तसं चीवर जोडता येईल का असं विचारलं, अशी कथा आहे. आपल्याकडे गाडगे महाराजांना लोक 'गोधडे महाराज' म्हणायचे, ते अंगावरच्या ठिगळांवरून.

तर प्रश्न जुन्या-नव्याचा नाही. जुन्याचं काय केलं, हा आहे. वाजश्रवसाने गायींचं काहीच केलं नाही, फक्त दावं सोडलं.

पुढच्या वर्षी आम्ही त्याच बाईंना शोधून काढलं. टोळी दुसऱ्या शिवारात होती, पण मुकादमाकडून पत्ता लागला. त्यांना विचारलं, शिकवाल का? त्यांना आधी वाटलं चेष्टा आहे. मग पावसाने फड बंद होता त्या दिवशी त्या आल्या, आणि आमच्या पार्किंगमध्ये सतरंजीवर बसून त्यांनी जे सांगितलं ते आता तुम्हाला सांगतो. थोडं सावकाश सांगतो, कारण हे करण्यासारखं आहे.

पहिलं, कापड निवडणं. त्या बोटांनी ओळखतात, आपल्याला ते जमणार नाही. आपण कडेचा एक दोरा ओढायचा आणि चिमट्यात धरून पेटवायचा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरगळणारी राख उरते. सिंथेटिक असेल तर दोरा आक्रसतो आणि टोकाला टणक मणी बनतो. मिश्र कापडात दोन्ही थोडंथोडं दिसतं, ते बाजूला ठेवायचं. मग कापड उजेडापुढे धरून दोन्ही हातांनी ताणायचं. चर्रकन आवाज आला तर ते आता गोधडीलाही नाही, पुसायला घ्या.

दुसरं, माप. नऊवारी लुगडं म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घातल्या, की पावणेसात फूट लांबी येते, रुंदी पावणेचार फुटांच्या आसपास. म्हणजे एका लुगड्यात वरचा थर, खालचा थर आणि मधले दोन. आईजवळ लेकरू झोपणार असेल तर पन्हा कमी पडतो, मग अर्धं लुगडं जोडावं लागतं. नऊवारी आता मिळते कुठे? आम्ही सुती पाचवारी आणि जुन्या चादरी घेतो. मधल्या पोटात छोटे तुकडे चालतात, पण सपाट पसरून, एकावर एक चढू न देता. शिवणी, बटणं, चेन सगळं उसवून काढायचं. ते राहिलं की झोपणाऱ्याच्या बरगडीला कळतं.

आणि थर फार नकोत. आम्ही पहिल्या वर्षी उदार होऊन आठ-आठ थर घातले होते. ऊब कापडाच्या जाडीत नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. थर वाढले की वजन वाढतं आणि गोधडी धुता येत नाही. आपल्याकडे नवरात्राच्या आधी नदीवर गोधड्या धुण्याची रीत आहे, तिथे भिजलेली गोधडी पिळायला दोन माणसं कमी पडतात. कोपीवर पाणी लांबून आणायचं असतं आणि ओलं सुती कापड ऊब देत नाही. चार ते पाच थर पुरे.

तिसरं, टाका. आधी सगळे थर पसरून, चार कोपऱ्यांवर वजन ठेवून, लांब टाक्यांनी टाचून घ्यायचं. मग कडेपासून धावदोरा घालत, चारी बाजूंनी फिरत, चौकटीच्या आत चौकट करत मध्याकडे यायचं. कडेकडून आत आल्याने चुण्या पळत नाहीत, गोधडी चौकोनी राहते. दोन ओळींत बोटभर अंतर. मी हिशेब केला. अंतर दोन सेंटिमीटर धरलं तर एका गोधडीत शंभर मीटरच्या वर धावदोरा होतो. आमच्या हाताला पंधरा-सोळा तास लागतात. अंतर वाढवून वेळ वाचवता येतो, पण दोन धुण्यांत आतल्या चिंध्या गोळा होऊन कोपऱ्यात जातात. बाईंनी आमच्या मशीनच्या शिवणीवर बोट ठेवलं होतं ते यासाठीच. ओळी वीतभर अंतरावर होत्या.

माझ्या वाट्याला सुया ओवणं आलं. नंतर कोपराही दिला. अंगुस्तान न घालता हट्टाने शिवलं, त्याची शिक्षा बोटाने भोगली.

आता 'तंतू-पटा'कडे येतो, नाहीतर ते विद्यार्थी म्हणतील सर विसरले. नैयायिक म्हणतात, अवयवांपासून अवयवी तयार होतो तेव्हा एक खरंखुरं नवं द्रव्य जन्माला येतं. बौद्ध म्हणतात, कसलं नवं? तंतूच आहेत, आपण त्यांना पट म्हणतो. रथाचे भाग सुटे केले तर रथ कुठे राहतो, हे नागसेनाने राजा मिलिंदाला विचारलंच होतं. मी आयुष्यभर बौद्धांच्या बाजूने होतो. त्यांचे युक्तिवाद मला आजही वरचढ वाटतात. नैयायिकांना विचारता येतं, की पट तंतूंहून वेगळा असेल तर त्याचं वेगळं वजन तागडीत का दिसत नाही? त्यांची उत्तरं मला कधी पटली नाहीत. वरून ते म्हणतात, एक तंतू काढला की जुना पट नष्ट होतो आणि उरतो तो 'खंडपट', म्हणजे दुसरंच द्रव्य. वर्गात यावर पोरं हसायची.

पण शंभर मीटर धावदोऱ्यानंतर मला एक गोष्ट दिसली, युक्तिवाद म्हणून नव्हे, नोंद म्हणून सांगतो. चिंध्यांचा ढीग आणि गोधडी यांत वस्तू त्याच आहेत. तागडीत फरक पडेल तो फक्त दोऱ्याचा. तरी ढीग कुणाच्या अंगावर टाकला तर तो निजू शकत नाही. जी ऊब येते ती कुठल्याच एका चिंधीत नव्हती. बौद्ध याला उत्तर देतील, आणि चांगलं देतील. पुढच्या व्याख्यानात ते त्यांच्या बाजूने मांडेन.

त्या दुसऱ्या वर्षी चौदा नाही, पाच गोधड्या झाल्या. बाईंनी पाचही उलट्या करून पाहिल्या. चार ठेवल्या. पाचवीचा एक कोपरा उसवला आणि म्हणाल्या, हा कुणी केलाय? तो माझा होता. तिथेच बसून त्यांनी तो पुन्हा घातला. मग माझ्या पत्नीच्या साडीचा निळा काठ दिसत होता त्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "लुगडं चांगलं व्हतं."

आता प्रश्न विचारा. दोरा कुठला घ्यायचा हे कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. जाड सुती, दुपदरी घेऊन. नायलॉनचा मजबूत असतो, पण कारण तुम्हाला आता माहीत आहे.