माल नगरचा, मिरवणूक दुसऱ्याची!

शिर्डीचं दर्शन, येताना शिंगणापूर, वाटेत उसाचा रस, की झाला नगर जिल्हा! निम्म्या महाराष्ट्राचा नगरशी संबंध इथेच संपतो. (2024 पासून अधिकृत नाव अहिल्यानगर, बोलण्यात मात्र ‘नगर’ इतक्यात जाणार नाही.) क्षेत्रफळात राज्यातला हा सगळ्यात मोठा जिल्हा. 17,048 चौरस किलोमीटर, म्हणजे साडेचार गोवे मावतील. पण नगरकराचं दुखणं वेगळंच आहे. वस्तू आमची, अन् मिरवतो दुसराच!

कळसूबाईच घ्या. 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. मुंबईचे ट्रेकर शनिवारी रात्री कसाऱ्याची लोकल पकडतात आणि सोमवारी ऑफिसात सांगतात, ‘नाशिकला जाऊन आलो.’ अहो, नेहमीची वाट निघते बारी गावातून, आणि बारी अकोले तालुक्यात. (हे अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे. तोही खुलासा दरवेळी करावा लागतो.)

ज्ञानेश्वरी म्हटलं की हात जोडले जातात आळंदीच्या दिशेने. ती सांगितली गेली नेवाशात, शके 1212, म्हणजे 1290 साली. माउली ज्याला टेकून बसले असं मानतात, तो पैस खांब आजही तिथे आहे. अहिल्याबाई म्हटलं की इंदूर आणि महेश्वर. जन्म मात्र जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा.

आता ती तोफ. विजापूरला गेलात की गाइड हमखास ‘मुलुख-ए-मैदान’पाशी नेतो. तोंडाशी जबडा वासलेला सिंह, आणि त्याच्या दातांत चक्क हत्ती चिरडलेला! लोक फोटो काढतात, आदिलशाहीचं कौतुक करतात. ही तोफ ओतली गेली नगरात, 1549 साली, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत. ओतणारा कारागीर महंमद बिन हसन रूमी. पुढे ती परांड्यामार्गे विजापूरला पोहोचली आणि तिथलीच झाली.

एक घोळ मात्र नगरकरांनी स्वतःच घातलाय. शहराबाहेर डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे, तिला सगळे ‘चांदबिबी महाल’ म्हणतात. रविवारी डबे घेऊन जातात. तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर! चांदबिबीचा खरा पराक्रम बघायचा तर भुईकोट किल्ल्यात जावं. 1595-96 च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंगाने तट उडवला, तेव्हा बाई स्वतः खिंडारात उभ्या राहिल्या आणि रातोरात भिंत चढवून घेतली.

याच किल्ल्यात 1942 पासून नेहरू कैदेत होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी 1944 मध्ये इथे अवघ्या पाच महिन्यांत लिहून काढलं. सोबतीला मौलाना आझाद. ते कोठडीतल्या चिमण्यांवर आणि चहावर पत्रं लिहीत होते, आणि ती वाचायला नेहरूंपेक्षा जास्त मजा येते, असं आमचं मत.

दायमाबादची गोष्ट तर वरताण. प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुक्यात, 1974 साली एका शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी चार ब्राँझची शिल्पं सापडली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. मिळून साठ किलोंहून जास्त वजन. रथ हाकणारा माणूस ऐटीत उभा, आणि पुढे दांडीवर एक कुत्रा! उत्तर हडप्पा काळातल्या त्या कारागिराला कुत्रा घ्यायची बुद्धी झाली, याबद्दल त्याला सलाम. शिल्पं अर्थातच जिल्ह्याबाहेरच्या संग्रहालयांत.

साहेबांच्या देशातही आमचा माल खपला. बीबीसीवर ‘द गून शो’ गाजवणारा विनोदवीर स्पाइक मिलिगन 1918 साली नगरात जन्मला.

राहता राहिली गाढवं. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, दात बघून सौदे होतात, भाव चांगला मिळतो. पण गाढवांचा बाजार म्हटला, की पेपरात फोटो जेजुरीचा!