लालबागेतील सकाळ आणि गळ्यातला कॅमेरा

रविवारी सकाळी बेंगळुरूच्या लालबागेत आपण गेलात, तर फिरावयास आलेल्या मंडळींबरोबर आणखी एक वर्ग आपल्या दृष्टीस पडेल. गळ्यात कॅमेरा, पाठीवर जड पिशवी आणि नजर तळ्याकाठच्या पाखरांकडे किंवा खडकावरील केंपेगौडांच्या बुरुजाकडे! १८८९ साली कोनशिला बसविलेल्या काचघरात स्वातंत्र्यदिनाच्या व प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते, तेव्हा तर फुले अधिक की कॅमेरे, असा प्रश्न पडावा.

ह्या नगरीला हा छंद नवा नाही. भारतीय छायाचित्रकारांच्या महासंघाची १९५३ साली स्थापना करणारे डॉ. जी. थॉमस येथलेच. रानातील पशुपक्ष्यांची चित्रे टिपणारे टी. एन. ए. पेरुमाळ (१९३२–२०१७) हेही येथलेच. कस्तुरबा मार्गावर २०२३ साली कला व छायाचित्रणाचे संग्रहालयही उघडले. फरक आहे तो संख्येचा. रोलमध्ये छत्तीसच चित्रे असत, म्हणून पूर्वी माणूस बटण दाबण्याआधी विचार करी. आज तो विचार बहुधा दुकानात होतो.

बागेतील दोघांचे बोलणे जरा कान देऊन ऐका. "आपला किती मेगापिक्सेलचा?" हा पहिला प्रश्न. तो ऐकला की मला मौज वाटते. सहा बाय चार इंचांच्या छापील चित्रास, दर इंची ३०० ठिपके धरले, तरी १८०० गुणिले १२००, म्हणजे साडेएकवीस लक्षांच्या आसपास ठिपके पुरतात. आजच्या साध्या कॅमेऱ्यातही त्याच्या दहापट असतात.

मग महागड्या कॅमेऱ्यात काहीच अर्थ नाही काय? तसेही नाही. पावसात अंगणात वाट्या मांडून ठेवल्या आहेत, अशी कल्पना करा. कॅमेऱ्यातील सेन्सर म्हणजे अशा लक्षावधी वाट्यांची रांग. पाण्याऐवजी तेथे प्रकाश साठतो. प्रत्येक वाटीवर तांबडी, हिरवी किंवा निळी काच असते. कोडॅकमधील ब्राइस बायर ह्यांनी १९७६ साली पेटंट मिळविलेल्या रचनेत निम्म्या काचा हिरव्या आहेत, कारण आपल्या डोळ्याला हिरव्याचे बारकावे अधिक कळतात. वाटी मोठी असेल तर रिमझिमीतही थोडेफार पाणी जमते. म्हणून दिवाळीच्या पणत्यांच्या उजेडात मोठ्या सेन्सरचे चित्र स्वच्छ येते आणि फोनच्या चिमुकल्या सेन्सरचे खरबरीत दिसते. पैसे खर्चावयाचेच असतील, तर १.८ छिद्राची ५० मिलिमीटरची लेन्स घ्यावी, असे माझे मत आहे. ३.५ छिद्राच्या मानाने ती जवळजवळ चौपट प्रकाश आत घेते.

गंमत अशी, की स्टीव्हन सॅसन ह्यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनविला तो १९७५ साली, कोडॅकमध्येच. वजन साडेतीन किलोंहून अधिक, ठिपके अवघे दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद! त्याच कोडॅकला २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

आता घरचीच गोष्ट सांगतो. वडिलांच्या शेवटच्या दिवाळीस मी चारशेहून अधिक चित्रे घेतली होती. कोणत्या लेन्सने, हेही मला आठवते. सारी एकाच हार्ड डिस्कवर होती. एके दिवशी ती सुरू होईना. आतील काहीच हाती लागले नाही. दुसरी प्रत ठेवावी, एवढे मला सुचले नव्हते. उरले ते एकच चित्र: कोल्हापूरच्या आत्यांनी "मला त्या फोनमध्ये नको, हातात धरता येईल असे दे" म्हणून हट्टाने छापून घेतलेले. बाबा त्यात आकाशकंदिलाची दोरी ओढीत आहेत आणि चेहरा अर्धवट वळलेला आहे. त्या रात्री ते चित्र मी अस्पष्ट म्हणून बाजूस काढले होते.

तेव्हापासून चित्रे दोन ठिकाणी ठेवतो, त्यांपैकी एक प्रत घराबाहेर. शिवाय महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही उभयता बसून बारा चित्रे छापण्यासाठी निवडतो. जुन्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या रोलमध्ये बाराच चित्रे निघत, म्हणून बारा. आपणही करून पाहा. शेकडो चित्रांतून बारा काढताना तास जातो आणि वादही होतो. गेल्या महिन्यात आमची अकराच निघाली.