अंगठ्याचे मोल

सदऱ्याची गुंडी लावणे, लेखणी धरणे, भाकरीचा घास मोडणे ही कामे हाताला साधतात, कारण चार बोटांसमोर अंगठा उभा राहतो. अंगठा तळहातात मुडपून हीच कामे करू पाहिली, म्हणजे त्याचे महत्त्व तत्काळ ध्यानात येते. कायद्याने हे महत्त्व आकड्यांत मांडले आहे. काम करीत असता कामगाराचा अंगठा तुटला, तर त्याची कमावण्याची शक्ती शंभरातील ३० भागांनी घटली, असे कायदा मानतो. तर्जनी समूळ गेली तर १४ भाग, मधले बोट गेले तर १२ आणि करंगळी किंवा अनामिका गेली तर ७. माणसाच्या अवयवांचे असे कोष्टक वाचताना प्रथम अंगावर काटा येतो. परंतु हे कोष्टक नव्हते, तेव्हा तुटलेल्या अंगठ्यासाठी कामगाराच्या हाती बहुधा काहीच पडत नसे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेव येथे सुरू झाली. पुढे परळ, लालबागकडे गिरण्यांची धुराडी दाटीने उभी राहिली. त्या काळच्या गिरणीत एकच मोठे वाफेचे यंत्र असे. त्याच्या बळावर छताखालून गेलेला एक लांब लोखंडी दांडा फिरे, आणि त्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली येऊन एकेक माग फिरवीत. हे पट्टे माणसांच्या अगदी जवळून धावत. धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही पट्ट्यात सापडली, तर कपड्याबरोबर हातही ओढला जाई. दांडा साऱ्या खात्यासाठी फिरत असल्यामुळे एका माणसाच्या किंकाळीने तो लगेच थांबत नसे. मागावरचा धोटा कधी वाट सोडून उसळे. त्याच्या टोकाला धातू बसविलेला असे, आणि तो डोळ्यावर बसला की डोळा जाई. चालू यंत्रातील कापसाचा पिंजर काढताना दातेरी चाकांत बोटे चिरडली जात. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम केलेल्या माणसाचे भान सायंकाळी सुटले, तर त्यात नवल ते कोणते!

१८८१ साली हिंदुस्थानात कारखान्यांविषयीचा पहिला कायदा झाला. यंत्रांच्या धोकादायक भागांभोवती आडोसा असावा, असे त्याने सांगितले. पण आडोसा नसल्यामुळे ज्याचा हात गेला, त्याने पुढे काय खावे, याविषयी तो मूक होता.

तो प्रश्न नारायण मेघाजी लोखंडे यांनी उचलला. जोतीराव फुले यांचे हे अनुयायी ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा बोलाविली. रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या त्या सभेत मांडल्या गेल्या. शिवाय आणखी एक मागणी होती. कामावर इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या उपजीविकेची सोय व्हावी. या मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. जखमी माणसाची मागणी मात्र लोखंडे यांच्या हयातीत पुरी झाली नाही. १८९७ साली ते निवर्तले.

विलंबाचे मूळ एका प्रश्नात होते. अपघात झाला, तो चुकला कोण? कामगाराला भरपाई हवी असेल, तर मालकाची चूक त्याने न्यायालयात सिद्ध करावी, अशी जुनी रीत होती. मालकाचा वकील म्हणे, चूक शेजारच्या कामगाराची होती. किंवा धोका ठाऊक असूनही या माणसाने काम पत्करले होते. ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत, तो असा खटला किती दिवस चालविणार?

१९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्याने हा प्रश्नच बदलला. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली काय, एवढेच आता पाहावयाचे. कामगार नशेत असेल, किंवा त्याने यंत्राची जाळी मुद्दाम काढली असेल, तर भरपाई नाकारता येते. तथापि अशा अपघातात त्याचा मृत्यू झाला, तर ती नाकारता येत नाही. बापाची चूक पोरांच्या माथी मारलेली नाही, हे या कायद्याचे शहाणपण. भरपाईचा भार मालकावर पडू लागल्यामुळे यंत्राला जाळी बसविणे हे खर्चाच्या दृष्टीनेही स्वस्त ठरले. २०२० साली संमत झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी सामावून घेण्यात आल्या. ज्या कारखान्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, तेथे भरपाई मालकाऐवजी विमा महामंडळ देते.

हिशोबाची रीत पाहण्यासारखी आहे. समजा, एका लहान वखारीत करवतीच्या यंत्रावर ४० वर्षांच्या कामगाराचा अंगठा गेला आणि त्याचा मासिक पगार १०,००० रुपये आहे. पगाराचे शेकडा ६० म्हणजे ६,००० रुपये. चाळिशीसाठी ठरविलेला गुणक १८४.१७ आहे, गुणाकार ११,०५,०२० रुपये होतो. त्याचे शेकडा ३० म्हणजे ३,३१,५०६ रुपये. १६ वर्षांच्या कामगारासाठी हाच गुणक २२८.५४ आहे, कारण तरुणाची कमाईची अधिक वर्षे बुडतात. मात्र एकाच वयाचा आणि एकाच पगाराचा विणकर असो की पहारेकरी, अंगठ्याचे भाग दोघांनाही तीसच. कोष्टकाला माणसाचा हुन्नर दिसत नाही, ही त्याची उणीव होय.

‘मला भरपाई नको’ अशा कागदावर कामगाराची सही किंवा अंगठा आधीच घेऊन ठेवला, तरी तो कागद कायद्याने रद्द ठरतो. मृत कामगाराची रक्कम मालकाने परस्पर घरी नेऊन द्यावयाची नसते; दुःखात बुडालेल्या घराला थोडक्यात गुंडाळणे सोपे असते. ती रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते. आयुक्त ती वारसांमध्ये वाटून देतात, आणि अज्ञान मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत त्यांच्यासाठी गुंतवून ठेवू शकतात.