ट्रिगर दाबताना: पिस्तूल नेमबाजीतले गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिस्तूल नेमबाजीत ट्रिगरवरचे नियंत्रण म्हणजे पुढच्या आणि मागच्या साइटची जुळणी न बिघडवता ट्रिगर सरळ मागे नेणे, आणि छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत ती जुळणी टिकवणे. यात बोटाच्या ताकदीचा फारसा संबंध नाही. १० मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. २५ मीटर प्रकारांच्या पिस्तुलांसाठी ही किमान मर्यादा १००० ग्रॅम आहे. अर्धा किलोचा दाब शाळकरी मुलालाही सहज देता येतो. मात्र एअर पिस्तुलाचे स्वतःचे वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम असते आणि ते एका हाताने, कशाच्याही आधाराविना, हवेत धरलेले असते. त्यामुळे ट्रिगरवरचा दाब किंचितही तिरका गेला, तर पिस्तूलच वळते.

नवशिक्यांमध्ये सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज असा की, हात पूर्ण स्थिर झाला की मगच नेम लागतो. हात पूर्ण स्थिर कुणाचाच होत नाही, ऑलिंपिक पदकविजेत्यांचाही नाही. प्रश्न किती हालचाल होते हा नसून कोणत्या प्रकारची होते हा आहे, आणि इथे थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे. एअर पिस्तुलाच्या दोन साइटमधले अंतर साधारण ३२० मिलिमीटर धरू. साइटची जुळणी कायम ठेवून अख्खे पिस्तूल ५ मिलिमीटर बाजूला सरकले, तर छर्राही लक्ष्यावर ५ मिलिमीटरच सरकतो. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि वर्तुळाच्या रेषेला स्पर्श झाला तरी गुण मिळतो. म्हणजे दहा गुण शाबूत राहतात. याउलट पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर ती चूक सुमारे ३१ मिलिमीटरची होते आणि दहाच्या जागी जेमतेम सात गुण पदरी पडतात. पाव मिलिमीटरचा फरकसुद्धा छर्रा दहाच्या काठावर नेऊन ठेवतो. हाताची मंद डोलणारी हालचाल बहुतांशी पहिल्या प्रकारची असते. ट्रिगरच्या झटक्याने होणारी चूक दुसऱ्या प्रकारची असते. म्हणूनच चांगला प्रशिक्षक शिकाऊ नेमबाजाला लक्ष्य धूसर दिसू दे, पण पुढची साइट स्वच्छ दिसली पाहिजे, असे पुन्हा पुन्हा बजावतो.

याच गैरसमजातून झटक्याची सवय लागते. साइट काळ्या वर्तुळाखाली नेमकी आली की ‘आत्ताच’ म्हणून बोट दाबले जाते. डोळ्याने पाहून बोटाने प्रतिसाद देईपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातो. तेवढ्यात पिस्तूल पुढे सरकलेले असते आणि घाईच्या दाबाने जुळणीही मोडलेली असते. ‘हीच संधी’ वाटणारा क्षण पकडण्याचा हा प्रयत्न दोन्हीकडून तोट्याचा ठरतो. हाताची डोल मान्य करून, ती चालू असतानाच दाब वाढवत राहणे हेच शिकण्यासारखे आहे, आणि मनाला ते सर्वांत जड जाते.

गोळी सुटल्याचे स्वतःलाच आश्चर्य वाटले पाहिजे, हे वाक्य रेंजवर सर्रास ऐकू येते. सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी ते उपयोगी आहे. कोणत्या क्षणी सुटणार हे ठाऊक नसेल, तर शरीर आधीच दचकत नाही. पण अंतिम नियम म्हणून ते चुकीचे आहे. पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आधी ८, मग ६ आणि शेवटी ४ सेकंदांत झाडायच्या असतात. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली विजय कुमारने याच प्रकारात रौप्यपदक मिळवले. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या रॅपिड टप्प्यात लक्ष्य केवळ ३ सेकंद समोर असते, आणि हात खाली ४५ अंशांवरून वर आणून एकच गोळी मारायची असते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तो हाच. इथे आश्चर्याची वाट पाहत बसणे परवडत नाही. हात वर येत असतानाच दोन टप्प्यांच्या ट्रिगरचा पहिला टप्पा घेतला जातो आणि साइट स्थिरावताना उरलेला दाब पूर्ण होतो. दाब सावकाशच द्यावा ही समजूतही यामुळे गळून पडते. वेग चालतो, दिशा बिघडलेली चालत नाही.

हलका ट्रिगर म्हणजे चांगला ट्रिगर, असेही मानले जाते. पण स्पर्धेत ट्रिगरच्या वजनाची तपासणी होते. पिस्तुलाची नळी उभी धरून ट्रिगरला ठरावीक वजन टांगतात. ते उचलले जाण्याआधी ट्रिगर सुटला, तर पिस्तूल अपात्र ठरते. नियमाच्या चौकटीत राहूनही दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये वजनाची विभागणी नेमबाज आपल्या सोयीने करतात. उदाहरणार्थ, पहिल्या टप्प्याला ३५० ग्रॅम आणि सुटण्याच्या टप्प्याला १५०. पहिला टप्पा जड ठेवला की बोटाला ट्रिगरचा पक्का स्पर्श कळतो. दुसरा टप्पा फारच हलका केला, तर थंडीत किंवा अंतिम फेरीच्या ताणात बोट बधिर होते आणि नको त्या क्षणी गोळी सुटते.

बोट नेमके कुठे ठेवावे, याचे एकच उत्तर नाही. पहिल्या पेराच्या मधोमध ठेवण्याचा सल्ला बहुतेकांना लागू पडतो, परंतु हाताचा आकार आणि ग्रिप यांवर ते ठरते. स्पर्धेच्या पिस्तुलात ट्रिगरची पाती पुढेमागे सरकवता येते, ती त्यासाठीच. पाहण्याची गोष्ट वेगळी आहे: तर्जनीच्या मुळापासून मधल्या पेरापर्यंतचा भाग ग्रिपला चिकटलेला नसावा. तिथे बारीकशी फट दिसली पाहिजे. ती नसेल, तर बोट वाकताना ग्रिपलाच बाजूला ढकलते. तर्जनी हलताना उरलेली तीन बोटेही आवळली जाणे हा दुसरा नेहमीचा दोष आहे. ग्रिप आधी घट्ट धरावी आणि गोळी सुटेपर्यंत तिचा घट्टपणा बदलू देऊ नये.

उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या खाली डावीकडे गेल्या, की ट्रिगरला झटका बसला असे निदान लगेच केले जाते. अनेक रेंजच्या भिंतींवर चुकांची दिशा दाखवणारा वर्तुळाकार तक्ता असतो, त्यावरून हे निदान येते. तो तक्ता एका हाताच्या नेमबाजीसाठी बनला, आणि तिथेही तो केवळ शक्यता सांगतो. साइटचे समायोजन चुकीचे असेल, ग्रिप हातात तिरकी बसत असेल, तरी गोळ्या तिथेच जातात. ठसे एकत्र, पण बाजूला असतील, तर आधी साइट तपासावी. ते विखुरलेले असतील, तर ट्रिगरकडे पाहावे.

गोळी सुटली म्हणजे काम संपले, हाही गैरसमज. ट्रिगर सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर येईपर्यंत काही सहस्रांश सेकंद जातात. तेवढ्या वेळात हात सैल सोडला, तर नळी वळते. शिवाय सुटताच निकाल पाहायला डोळा वर करण्याची सवय लागली, की ती हळूहळू सुटण्याआधीच डोके वर काढते. म्हणून बोट मागेच दाबून ठेवून दोन-तीन सेकंद साइट पाहत राहतात.

या साऱ्याची खरी तालीम ड्राय फायरिंगमध्ये, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने, होते. त्याने पिस्तूल बिघडते ही भीती सरसकट खरी नाही. एअर पिस्तुलांमध्ये त्यासाठी खास खटका असतो. पॉइंट टू-टूच्या पिस्तुलात मात्र फायरिंग पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आदळू शकते, त्यामुळे तिथे उत्पादकाची सूचना पाहावी किंवा डमी काडतूस वापरावे. आधी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करावी, खोलीत दारूगोळा ठेवू नये आणि सरावाची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवावे. मग पांढऱ्या कोऱ्या भिंतीकडे पिस्तूल रोखून, कोणत्याही लक्ष्याशिवाय, फक्त साइटकडे पाहत ट्रिगर दाबावा. तो सुटताना पुढची साइट खाचेत हलली, तर चूक बोटाची किंवा पकडीची आहे, हे तिथेच दिसते.